वाणी ओळखायचा तर रंग शेवटी बघा

इंदूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. तिथल्या कपाटात वाण्यांच्या, म्हणजे पावसाळ्यात निघणाऱ्या त्या बहुपायी किड्यांच्या (इंग्रजीत मिलिपीड), बऱ्याच बरण्या होत्या आणि प्रत्येकीवर एकच चिठ्ठी: ज्यूलस. चपटा असो, गोल असो, वीतभर लांब असो की बोटाच्या पेराएवढा, सगळे ज्यूलसच. बी.एस्सी.ची मुलं प्रॅक्टिकलच्या वहीत तेच लिहायची, बाहेरून आलेले परीक्षक तेच ऐकून गुण द्यायचे. आता ज्यूलस हा वंश युरोपातला. विंध्याच्या जंगलातून आणलेल्या वाण्याचा त्याच्याशी संबंध असलाच तर फार दूरचा. पण चिठ्ठी एकदा चिकटली की कोण काढतो!

त्या बरण्यांनी मला एक गोष्ट मात्र शिकवली. स्पिरिटमध्ये पडून राहिलं की लाल, पिवळं, केशरी सगळं उतरतं आणि मळकट तपकिरी तेवढं उरतं. त्यामुळे मला जे ओळखता येऊ लागलं ते रंगाशिवाय. निवृत्त झाल्यावर डोंगरात जिवंत वाणी बघायला लागले तरी सवय तीच राहिली, आणि मला वाटतं तीच बरोबर आहे. एकाच जातीचं पिल्लू फिकट असतं, मोठा काळसर असतो, नुकती कात टाकलेला जवळजवळ पांढरा असतो. ओला वाणी चकाकतो, वाळला की राखाडी दिसतो. उलट, एकमेकांशी नातं नसलेले दोन काळे-पिवळे वाणी शेजारी ठेवले तर नवख्या माणसाला जुळे भाऊ वाटतात. म्हणून इथे जे सांगते आहे त्यात रंग शेवटच्या रांगेत बसेल.

आधी तो वाणीच आहे ना?

आमच्या घरी वाणी किंवा पैसा म्हणतात, भाजीवाली गिंजाई म्हणते. रविवारी आमच्या कॉलनीतली चार मुलं बरोबर येतात, ती सरसकट सगळ्याला कनखजुरा म्हणतात. ‘आजी, हात नका लावू, कनखजुरा आहे, चावेल!’ कनखजुरा म्हणजे आपली गोम, आणि ती खरंच चावते. तिच्या पायांची पहिली जोडी विषाच्या नांग्या झालेली असते. गोमेच्या अंगाच्या प्रत्येक कड्याला पायांची एकच जोडी, पाय अंगाबाहेर पसरलेले, मिशा लांब, शेवटची जोडी मागे लोंबत असते आणि पळते ती विजेसारखी. वाण्याला घाई नाही. त्याचे पाय पोटाखाली असतात, मिशा आखूड आणि कोपरात वाकलेल्या, चालताना तो त्यांनी जमीन ठोकत जातो. मधल्या भागात प्रत्येक कड्याला दोन जोड्या पाय. हे दिसलं की प्रश्न मिटला.

मुलांनी विचारलं होतं, हजार पाय मोजले का? मोजायची गरज नाही. २०२१ साली ऑस्ट्रेलियात जमिनीखाली खोल सापडलेल्या एका जातीत १३०६ पाय निघाले, तोवर हजारावर पाय असलेला वाणी कोणाला माहीतच नव्हता. आपल्याकडच्या बहुतेक चपट्या वाण्यांच्या वयात आलेल्या मादीला असतात ६२.

दोन फसवे प्राणी आणखी. कुंडीखाली गोळी होऊन पडणारा राखाडी किडा बहुतेक वेळा वाणी नसतो, तो खेकड्याच्या नात्यातला असतो. त्याच्या पायांच्या जोड्या फक्त ७ आणि शेपटीकडे छोट्या छोट्या पट्ट्या असतात. आणि कुजक्या लाकडातली पिवळी, कडक, तुळतुळीत अळी ही भुंग्याची. तिला पुढे सहाच पाय असतात, मागचं सगळं अंग बिनपायांचं.

कुठे जायचं, काय न्यायचं

माळव्यात पाऊस धरला की पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर वाणी वर येतात. उन्हाळाभर ते भेगांत आणि कुजक्या लाकडाखाली खोल दडलेले असतात. इंदूरहून सकाळी निघून दुपारी परत यायचं तर पाताळपाणी, चोरल, कालाकुंडची दरी किंवा जानापाव. जानापाव साडेआठशे मीटरच्या आसपास, चंबळ तिथूनच निघते. आम्ही महूला पोहे खाऊन पुढे जातो. दगड सगळीकडे काळा बेसॉल्ट, जंगल मुख्यतः सागाचं आणि उन्हाळ्यात निष्पर्ण होणारं. त्यामुळे सपाटीवर उगाच शोधत बसू नका. नाल्याच्या काठाला, उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर, पडलेल्या ओंडक्याच्या सालीखाली, सागाच्या पानांचा थर जिथे काळा आणि चिकट झाला आहे तिथे बघा. वरची कोरडी पानं बाजूला करा, त्याखालचा ओला थर हाच त्यांचा मुक्काम. पचमढीला गेलात तर तिथला वालुकाश्म आणि नेच्यांनी भरलेल्या घळी वेगळ्या, आणि तिथले वाणीही वेगळे निघतात. दोन ठिकाणचे एका डबीत घालू नका.

दगड उलटताना पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला, म्हणजे खाली फुरसं किंवा विंचू असला तर तो तुमच्या विरुद्ध बाजूला निघेल. आणि दगड होता तसाच परत ठेवा. हे मी मुलांना दर वेळी सांगते आणि दर वेळी कोणीतरी विसरतं.

सामान थोडं आहे. दहा पटीचं भिंग, सोनार हिरा बघायला वापरतात ते. सराफ्यात रात्री खायला सगळं इंदूर जातं. एकदा दिवसा जा आणि सोनारांचं सामान विकणाऱ्याकडे मागा. एक पारदर्शक डबी, एक रंगकामाचा मऊ ब्रश, एक पांढरं झाकण, छोटी पट्टी, टॉर्च. मोबाईलला क्लिपने लावायचं मॅक्रो भिंग असेल तर उत्तम. हातमोजे नाही घातले तरी चालेल, पण पाणी आणि साबणाची वडी हवीच.

राळामंडळ हे अभयारण्य आहे. तिथून वनखात्याच्या परवानगीशिवाय वाणी काय, वाळकं पानही उचलायचं नाही. बाकी राखीव जंगलातही बघा, फोटो काढा, सोडा. ओळख पटवायला नव्वद टक्के वेळा फोटो पुरतो.

वरून बघितल्यावर

वाण्यांच्या जगभरात सुमारे १२,००० जातींची नोंद झाली आहे आणि त्या १६ गणांत वाटल्या आहेत (गण म्हणजे मोठा गट; गणात कुळं, कुळात वंश, वंशात जाती). घाबरू नका, डोंगरात वाकून बघणाऱ्याला सुरुवातीला चारच आकार लागतात.

सालीखाली दोन-तीन मिलिमीटरचं, अंगभर केसांचे झुबके आणि शेपटीला ब्रश असलेलं काही दिसलं तर तो पॉलिक्सेनिडा गणातला. त्याचं अंग मऊ, कवचात चुना नाही. भिंगाशिवाय तो नीट दिसतच नाही, म्हणून त्याला इथेच सोडते.

पूर्ण गोळी होणारे मोठे वाणी स्फेरोथेरिडा गणातले. भारतात त्यांचं घर म्हणजे दक्षिणेकडचे घाट. कर्नाटक-केरळच्या जंगलात आणि सुपारीच्या बागांत आर्थ्रोस्फेरा वंशाचे असतात, गोळी झाल्यावर लिंबाएवढेसुद्धा. मी आगुंब्याला हातात घेतला आहे. त्यांना बाजूला छिद्रं नसतात, रस नाही, वास नाही. गोळी होणं एवढीच त्यांची ढाल. शेपटीकडची ढाल एकसंध आणि मोठी असते, त्यावरून कुंडीखालच्या त्या राखाडी किड्यापासून वेगळे काढता येतात. विंध्यात मला कोणी मोठी गोळी दाखवली तर मी आधी शेपटी बघेन.

राहिले दोन: चपटे आणि नळीसारखे गोल. खरं काम इथे आहे.

चपटे

पाठ चपटी आणि प्रत्येक कड्याला दोन्ही बाजूंनी निघालेले पसरट काठ (त्यांना मी पंख म्हणते, उडायचे नव्हेत) दिसले की गण पॉलिडेस्मिडा. वाण्यांमधला हा सगळ्यांत मोठा गण. यांना डोळे नसतात, अजिबात नसतात. तोंड समोरून बघा. मिशांच्या मागे काळा ठिपका नसेल तर शंका उरत नाही. पंख अगदी अरुंद असलेले काही चपटे वाणी वरून गोल भासतात, तेव्हा डोळ्यांची ही खूण उपयोगी पडते.

आता कडी मोजा. डोक्यामागचं पहिलं बिनपायांचं कडं १, आणि शेपटीचं टोक शेवटचं. वयात आलेल्या बहुतेक चपट्या वाण्यांत बरोबर २० भरतात. कमी भरली तर ते बहुधा पिल्लू. या गणातली पिल्लं ठरलेल्या पायऱ्यांनी वाढतात: अंड्यातून निघताना ७ कडी, मग दर कातीला ९, १२, १५, १७, १८, १९ आणि शेवटी २०. म्हणजे १७ कड्यांचा वाणी दिसला तर त्याची जात ठरवायला बसू नका, वेळ जाईल. पिल्लांचे पंखही अर्धवट असतात.

यानंतरची खूण माझी सगळ्यांत आवडती. पंखांच्या कडेला टॉर्च तिरपा मारा आणि भिंग लावा. काही पंखांची कड जरा जाड असते आणि तिच्यात टाचणीने टोचल्यासारखं एक छिद्र दिसतं. काही पंखांना ते नसतंच, कड बारीक आणि साधी. छिद्रं कुठल्या कड्यांना आहेत ते लिहून काढा. नेहमीची मांडणी अशी: ५, ७, ९, १०, १२, १३ आणि मग १५ ते १९ सलग. सहाव्याला नाही, आठव्याला नाही, अकराव्याला नाही, चौदाव्याला नाही. ही मांडणी पाठ करून ठेवा, कारण ती मोडलेली दिसली तर कुळ वेगळं असण्याची शक्यता असते आणि तज्ज्ञाला फोटो पाठवताना तुम्ही तेवढं एक वाक्य लिहिलंत तरी त्याचं अर्धं काम होतं. शिवाय कडी मोजताना चुकलात का याची ही आपोआप तपासणी आहे: नववं-दहावं आणि बारावं-तेरावं अशा दोन लागोपाठच्या जोड्या सापडल्या की मोजणी बरोबर.

याच छिद्रांतून वास येतो. चपट्या वाण्याला हलकं दाबलं, अगदी ब्रशने, तरी कडू बदामाचा वास सुटतो. तो वास मुख्यतः बेन्झाल्डिहाइडचा, आणि त्याच्याबरोबर हायड्रोजन सायनाइड निघतो. प्रमाण इतकं थोडं की उघड्या हवेत माणसाला काही होत नाही. पण दहा-बारा चपटे वाणी घट्ट झाकणाच्या डबीत कोंबले तर ते एकमेकांच्याच धुरात मरतात, आणि त्यांच्याबरोबर ठेवलेला नाकतोडा आधी मरतो. डबीला भोकं पाडा. काही माणसांना सायनाइडचा वास मुळात येतच नाही, त्यामुळे बरोबरच्याने ‘मला तर काही आलं नाही’ म्हटलं म्हणून खूण खोटी ठरवू नका.

पंखांचा आकार लिहून घ्या: कड्याच्या पाठीशी समतल आहेत की खाली झुकलेले, मागचा कोपरा गोल आहे की टोकदार, पाठ गुळगुळीत आहे की दाण्यादाण्यांची, प्रत्येक कड्यावर आडवी खाच आहे का. भारतात चपट्यांमध्ये पॅराडॉक्सोसोमॅटिडी हे कुळ फार दिसतं. त्यांच्या पंखांखाली कड्याला कमरेसारखी बारीक जागा असते आणि बहुतेकांच्या पाठीवर आडवी खाच असते. ऑक्सिडस ग्रॅसिलिस ही पूर्व आशियातली जात याच कुळातली. रोपांबरोबर ती जगभर पसरली आहे. सुमारे दोन सेंटिमीटर, अंग गडद, पंख फिकट. पण ‘काळं अंग, पिवळे पंख’ एवढ्यावर ऑक्सिडस लिहू नका, कारण या वर्णनात याच कुळातल्या कितीतरी जाती बसतात. रंगाने फसवलेली सगळ्यांत मोठी गर्दी इथे आहे.

गोल, नळीसारखे

हे जानापावच्या वाटेवर पहिल्या पावसात सगळ्यांना दिसतात. धक्का लागला की डोकं मध्ये घेऊन गुंडाळी करतात. गुंडाळी सुटेपर्यंत थांबा. फुंकर मारू नका, ती त्यांना आवडत नाही आणि अजून घट्ट होतात. सावलीत ठेवलं की एक-दोन मिनिटांत मिशा बाहेर येतात. मिशीच्या टोकाला भिंगातून चार बारीक सुळके दिसतात, त्यांनी वाणी चव-वास घेतो.

उलगडला की तोंड समोरून बघा. कपाळापासून वरच्या ओठापर्यंत मधोमध उभी चीर आहे का? गव्हाच्या दाण्याला असते तशी स्पष्ट चीर दिसली तर गण स्पायरोबोलिडा. तशी अखंड चीर नसेल, चेहरा मधोमध सलग असेल, तर आपल्या भागात बहुधा स्पायरोस्ट्रेप्टिडा. माझ्या मते नवशिक्याने शिकायची ही पहिली खूण, कारण ती पिल्लातही दिसते, मादीतही दिसते आणि वर्षानुवर्षं स्पिरिटमध्ये राहिलेल्या वाण्यातही दिसते. टॉर्च समोरून मारलात तर चकाकीत चीर हरवते. प्रकाश डावीकडून तिरपा येऊ द्या, सावली पडली की चीर उमटते.

याला पूरक अशा आणखी काही गोष्टी आहेत, पण त्यांना पुरावा म्हणू नका, दुजोरा म्हणा. स्पायरोबोलिडातले वाणी जरा जाड आणि आटोपशीर, मिशा आखूड; स्पायरोस्ट्रेप्टिडातले बहुधा लांब, सडपातळ, मिशाही लांब. आपल्याकडचे बोटभर लांब, काळे, तुळतुळीत मोठे वाणी पुष्कळदा या दुसऱ्या गणाच्या हार्पॅगोफोरिडी कुळातले असतात.

डोळे या दोन्ही गणांत असतात. साध्या नजरेला मिशीमागचा एक काळा ठिपका, भिंगाखाली बारीक डोळ्यांच्या ओळी. वय वाढेल तशा ओळी वाढतात, म्हणून डोळे किती आहेत यावर जात ठरवू नये. ठिपक्याचा आकार लिहावा, गोल की त्रिकोणी की लांबट.

बाजूची छिद्रं गोल वाण्यांतही असतात. पाचव्या-सहाव्या कड्यापासून शेपटीपर्यंत दोन्ही बाजूंना ठिपक्यांची सरळ ओळ जाते, इथे चपट्यांसारखी मधली सुटलेली कडी नसतात. त्या ओळीवर नारिंगी, हलणारे ठिपके दिसले तर ते वाण्याचे नव्हेत. ते गोचिडीच्या जातीचे बारीक किडे, वाण्याच्या अंगावर बसून फिरतात. फोटोत ते नक्षीसारखे दिसतात आणि लोक ‘केशरी ठिपक्यांची नवी जात’ म्हणून मोकळे होतात.

शेपटी बघायला विसरू नका. शेवटच्या कड्याला वरून टोक आलं आहे का, ते टोक खालच्या, गुदद्वार झाकणाऱ्या दोन झडपांच्या पुढे जातं की त्यांच्या आतच थांबतं, झडपांच्या कडा उचललेल्या आहेत की सपाट. बाजूने एक फोटो, मागून एक.

सातवं कडं

आता मुख्य गोष्ट. चपट्या आणि नळीसारख्या गोल वाण्यांची जात शेवटी ठरते ती वयात आलेल्या नराच्या सातव्या कड्यावर. बाकी सगळं तुम्हाला गणापर्यंत, फार तर कुळापर्यंत आणतं.

असं का, ते मोजून बघा. पहिल्या कड्याला पाय नाहीत. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याला एकेक जोडी, झाल्या ३. पाचव्याला दोन, सहाव्याला दोन; झाल्या ७. म्हणजे सातव्या कड्याच्या वाट्याला आठवी आणि नववी जोडी येते. नरात याच जागचे पाय चालायचं सोडून मादीकडे शुक्राणू पोचवायचं अवजार झालेले असतात, त्यांना गोनोपॉड म्हणतात. चपट्या वाण्यात फक्त आठवी जोडी बदललेली असते, नववी चालते. गोल वाण्यांत साधारणपणे दोन्ही जोड्या बदललेल्या किंवा आत ओढलेल्या असतात. प्रत्येक जातीत या अवजाराचा आकार वेगळा, त्याच्या वळणांवर, काट्यांवर, फाट्यांवर जात लिहिली जाते.

डोंगरात हे असं बघायचं. वाण्याला पारदर्शक डबीत ठेवा आणि डबी डोक्यावर धरून खालून बघा. डोक्याकडून पायांची दाट रांग सुरू होते. थोडं मागे एका जागी रांगेत खिंडार दिसलं, तर तो नर. चपट्यात त्या खिंडारातून दोन बारीक, वाकडे, बहुधा पिवळट-तपकिरी सुळे पुढे आलेले दिसतात, भिंगाशिवायही. गोल वाण्यात ते आत ओढलेले असतात, बाहेरून फक्त फट किंवा एक गुळगुळीत पट्टी दिसते. स्पायरोबोलिडात पुढची जोडी जुळून ही पट्टी झालेली असते आणि खरं काम तिच्यामागची जोडी करते; स्पायरोस्ट्रेप्टिडात काम पुढच्या जोडीचं. खिंडार नसेल आणि पाय सलग असतील तर मादी किंवा पिल्लू. मग जातीचं नाव लिहायचा हट्ट सोडा.

खालून बघताना वाण्याची चाल बघून घ्या. पायांची लाट मागून पुढे, डोक्याकडे सरकत जाते, प्राणी पुढे जातो त्याच दिशेने. मुलांना हे दाखवलं की ती वाणी मोजायचंही विसरतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

गोनोपॉड नीट बघायचा तर तो काढावा लागतो, म्हणजे वाणी मारावा लागतो. हे काम परवानगी, कारण आणि सूक्ष्मदर्शक तिन्ही असलेल्या माणसाचं. सत्तर टक्के स्पिरिट वापरतात. फॉर्मेलिनमध्ये वाणी ताठर होतो आणि कवचातला चुना हळूहळू सुटतो, मग तो तपासायला निरुपयोगी. आमच्या कपाटातल्या निम्म्या बरण्या अशाच वाया गेल्या होत्या. मेलेला ताजा नर वाटेवर सापडला तर तो सोनं समजा. असं काही दाखवायचं, विचारायचं तर मध्य भारतासाठी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचं केंद्र जबलपूरला आहे.

गोल वाण्यांची कडी मोजायची तर फोटोवरून मोजा, जिवंत प्राण्यावर मोजताना तो वळला की आकडा गेला. दोन वेळा मोजा, एकदा डोक्याकडून, एकदा शेपटीकडून. लिहायची पद्धत अशी: पायवाली कडी किती, त्यांच्यामागे बिनपायांची किती, आणि शेपटीचं टोक वेगळं. ‘४५ अधिक २ अधिक टोक’ असं. बिनपायांची कडी बरीच दिसली, तीन-चार-पाच, तर त्याची वाढ अजून चालू आहे. अंड्यातून निघताना बहुतेक वाण्यांना पायांच्या तीनच जोड्या असतात, पुढची कडी आणि पाय दर कातीला मागे वाढत जातात.

वहीत तारीख, ठिकाण, उंची, झाड, ओल, वेळ आणि लांबी-रुंदी. रंग जरूर लिहा, जिवंतपणीचा रंग नंतर कुठेच मिळत नाही, पण सगळं लिहून झाल्यावर. आणि नाव लिहिताना जिथे पोचलात तिथे थांबा. ‘पॉलिडेस्मिडा, मादी, २० कडी, पाताळपाणी’ ही चांगली नोंद आहे. त्याच फोटोखाली इंटरनेटवरून उचललेलं दोन शब्दांचं लॅटिन नाव लिहिलं तर ती वाईट नोंद, कारण पुढचा माणूस तुमच्यावर विश्वास ठेवून तेच उतरवतो.

हात आणि डोळे

वाणी चावत नाही, त्याला विष नाही. पण गोल वाण्यांच्या रसात क्विनोन नावाची झोंबरी रसायनं असतात. आयोडीनसारखा झोंबणारा वास, पिवळा रस, आणि थोड्या वेळात बोटावर तपकिरी-जांभळा डाग. डाग काही दिवस राहतो, घाबरायचं कारण नाही, साबणाने धुवा. त्या हाताने डोळा चोळायचा नाही हे मात्र लहान मुलांना आधीच बजावून ठेवा. रस डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, घरगुती उपाय नकोत.

शहरात राहणाऱ्यांनी डोंगराची वाट बघायची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये राजेंद्र नगरच्या आमच्या तळमजल्यावर न्हाणीघराच्या जाळीतून वाणी येतातच. लालसर विटकरी दिसला की मोबाईलवर शोधून लोक लगेच ट्रायगोनियुलस कोरॅलिनस म्हणतात. ती आग्नेय आशियातली स्पायरोबोलिडा गणातली जात, माती आणि कुंड्यांबरोबर दूरदूर गेलेली. तिचे फोटो खूप सापडतात. असेलही तीच. पण आधी काचेच्या ग्लासात घ्या, टॉर्च तिरपा धरा आणि कपाळावरची चीर शोधा; चीरच नसेल तर ते नाव तिथेच बाद. मीठ किंवा फिनाईल टाकू नका, वाणी तडफडतो आणि फरशीवर डाग पाडून जातो. कागदावर घेऊन बाहेर कुंडीतल्या ओल्या पाचोळ्यात सोडा, आणि जाळीच्या कडेची फट सिमेंटने बुजवून घ्या.